फौजीच्या घरातले दुखणे: ते ऐकणारा समुपदेशक कसा घडतो?

आपल्या समाजाचे आणि फौजेचे नाते नव्याने सांगायची गरज नाही. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत होते. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हेही फौजेचेच पेन्शनर. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या झाल्या, पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडलीही. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. आज या रेजिमेंटमध्ये सर्व समाजांतले जवान आहेत आणि आपली मुले फौजेच्या सगळ्याच शाखांत आहेत. दर १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभासमोर पदके लावून उभे राहिलेले निवृत्त सैनिक पाहिले की ऊर भरून येतो.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो तेव्हा याच माणसांची घरे आतून पाहायला मिळतात. विजयस्तंभाला कडक सलामी देणारा माणूस रात्री तीनला उठून दाराची कडी तपासतो. दिवाळीत फटाके सुरू झाले की घराच्या आतल्या खोलीत जाऊन बसतो. वरातीत शेजारी डीजे दणाणू लागला की भांडायला उठतो. मुले त्याच्यासमोर मोठ्याने हसत नाहीत. घरचे म्हणतात, 'फौजी खाक्या आहे, चालायचेच.' बायको बोलत नाही, कारण गल्लीत तिच्या नवऱ्याचा मान आहे आणि तो मान तिला घालवायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टीमुळे आपण ताठ मानेने उभे राहिलो, तिच्याबद्दल वाईट कसे बोलायचे, हा संकोच आपल्या समाजात इतरांपेक्षा जास्त आहे, असे आम्हाला वाटते.

समजा, ही बायको एक दिवस धीर करून समुपदेशकाकडे गेली. समोर बसलेली व्यक्ती एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्रात एमए झालेली आहे, मनाने चांगली आहे, हुशार आहे. पण तिला सुभेदार आणि सुभेदार मेजर यातला फरक माहीत नाही. फील्ड आणि पीस पोस्टिंग म्हणजे काय ते माहीत नाही. 'तुमचे मिस्टर मानसोपचारतज्ज्ञाकडे का जात नाहीत?' असे ती सहज विचारते. त्या एका प्रश्नात या बाईला कळते की समोरच्याला आपले जग कळलेले नाही. ती पुन्हा येत नाही.

म्हणून प्रश्न डॉक्टर किंवा समुपदेशक किती आहेत एवढ्यावर थांबत नाही. जे आहेत त्यांना सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करायचे शिक्षण दिले आहे का, हे पाहावे लागते. ते शिक्षण म्हणजे नेमके काय, हे या लेखात मांडतो. सामाजिक कार्य आणि मानसशास्त्र शिकणारी आपली मुले-मुली शेकड्यांनी आहेत. त्यांच्यासाठी हे विशेष लिहीत आहोत.

अमेरिकेने हे कसे शिकले

सैनिकांच्या मानसिक जखमांवर सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला, कारण सर्वाधिक युद्धेही त्यांनीच केली. व्हिएतनामहून परतलेल्या तरुणांना सरकारी दवाखान्यात कोणी नीट ऐकून घेत नव्हते. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांनी स्वतःच एकत्र बसून बोलायला सुरुवात केली. रॉबर्ट लिफ्टन आणि कैम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ त्या बैठकांत जाऊन बसू लागले. या मंडळींनी आणि इतरांनी रेटा लावल्यामुळे १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणविकार, हे निदान दाखल झाले. चळवळीत काम करणाऱ्यांनी हा इतिहास जरूर लक्षात ठेवावा. आजाराला नाव मिळाले ते सोसणाऱ्यांनी आवाज केल्यामुळे.

पुढे इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत एक वेगळी अडचण उभी राहिली. तिथे नॅशनल गार्डचे, म्हणजे एरवी आपापल्या गावी नोकरी-धंदा करणारे सैनिक मोठ्या संख्येने पाठवले गेले. ते परत आले ते लष्करी तळावर नव्हे, थेट आपल्या गावात. लष्करी इस्पितळ दूर, म्हणून ते गावातल्या साध्या नागरी समुपदेशकाकडे जाऊ लागले. हा समुपदेशक त्यांच्यासाठी तयार आहे का? रँड या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५२२ नागरी थेरपिस्टना हे विचारले. सैनिकी संस्कृतीची जाण आणि परिणामकारक ठरलेल्या उपचारांचे प्रशिक्षण, या दोन्ही कसोट्यांवर उतरले फक्त १३ टक्के.

ही पोकळी भरायला 'स्टार बिहेव्हिअरल हेल्थ प्रोव्हायडर्स' नावाचा एक प्रशिक्षणक्रम इंडियाना राज्यात सुरू झाला. पर्ड्यू विद्यापीठातली सैनिकी कुटुंबांवर संशोधन करणारी संस्था त्यामागे आहे. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर सैनिकी जगाची ओळख, दुसऱ्यावर मोहिमेवर जाणे-येणे आणि त्यातून उद्भवणारे त्रास, तिसऱ्यावर प्रत्यक्ष उपचारपद्धती. शिकून झालेल्या समुपदेशकांची नावे एका यादीत टाकली जातात आणि कुटुंबे ती यादी पाहून आपल्या भागातला माणूस शोधतात. आम्हाला यातली यादीची कल्पना फार महत्त्वाची वाटते. प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र भिंतीला लावले आणि कुटुंबाला पत्ताच नाही, असे आपल्याकडे नेहमी होते.

आपली स्थिती या नॅशनल गार्डसारखीच आहे. आपला जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो आणि गावी किंवा तालुक्याच्या ठिकाणी राहायला येतो. कमांड हॉस्पिटल पुण्यात, नौदलाचे अश्विनी रुग्णालय मुंबईत. त्याच्या जवळचा माणूस म्हणजे जिल्हा रुग्णालयातला समुपदेशक, आशाताई, नाहीतर आपल्यासारखा संस्थेतला कार्यकर्ता.

फौजेचे जग समजून घेणे

प्रशिक्षणाचा पहिला भाग भाषेचा आहे. जवान, नायक, हवालदार, मग जेसीओ, मग अधिकारी, ही उतरंड समुपदेशकाला यायला हवी, कारण घरातले अनेक ताण तिथून येतात. पंचवीस माणसांना हुकूम देणारा हवालदार निवृत्तीनंतर एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसतो. समाजशास्त्रात याला भूमिका गमावणे म्हणतात. त्याच्या घरात याला नाव नसते, फक्त भांडण असते.

दुसरी गोष्ट 'शेप'. फौजेत जवानाची वैद्यकीय श्रेणी पाच इंग्रजी अक्षरांवर ठरते. त्यातला 'एस' मानसिक स्थितीसाठी, बाकीची अक्षरे ऐकणे, हात-पाय, शरीराची एकूण क्षमता आणि दृष्टी यांसाठी. सगळे ठीक असेल तर 'शेप-वन'. मानसिक आजाराची नोंद झाली की श्रेणी उतरते, आणि श्रेणी उतरली की बढती, कोर्स, पोस्टिंग या सगळ्यांवर परिणाम होतो. मग झोप लागत नाही हे जवान कोणाला सांगेल? तो लपवतो, आणि त्याच्या जागी कोणीही लपवले असते. हे ज्याला ठाऊक आहे तो समुपदेशक 'का जात नाही' असे विचारत नाही. आपल्याकडे सांगितलेली गोष्ट कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे तो आधी स्पष्ट करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहे आणि त्याला काही अपवादही आहेत. दोन्ही सोप्या मराठीत सांगता यायला हवेत. 'काळजी करू नका, काही बाहेर जात नाही' असे मोघम आश्वासन देणारा समुपदेशक पुढे अडचणीत येतो.

फौज आणि निमलष्करी दले यांतला फरकही माहीत हवा. आपली किती तरी मुले सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफमध्ये आहेत. ही दले गृह मंत्रालयाखाली येतात. गावात सगळ्यांना 'मिलिट्रीवाले' म्हणतात, पण माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे कार्ड त्यांना मिळत नाही. छत्तीसगडच्या जंगलात काढलेली वर्षे आणि सियाचीनच्या बर्फात काढलेली वर्षे कागदावर वेगळ्या खात्यांची असतात. समुपदेशकाला कागद वाचता आला नाही तर तो माणसाला चुकीच्या दारात पाठवतो.

आणि एक अगदी साधी सवय लावावी लागते. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे: घरात कोणी फौजेत, निमलष्करी दलात आहे का, किंवा होते का? केसपेपरवर वय, शिक्षण, व्यवसाय असतो, हा रकाना नसतो. 'व्यवसाय: वॉचमन' असे लिहिले जाते आणि मागची सतरा वर्षे कोणाच्या डोळ्यांना पडत नाहीत.

काय विचारू नये हेही शिकवतात. 'तुम्ही कोणाला मारले आहे का?' हा प्रश्न उत्सुकतेपोटी पहिल्याच भेटीत विचारला जातो आणि तिथेच संवाद संपतो. प्रशिक्षणात हे भूमिका घेऊन करून पाहतात: एकाने माजी सैनिक व्हायचे, दुसऱ्याने समुपदेशक, आणि बाकीच्यांनी पाहायचे.

जखमा कोणत्या

पीटीएसडी हा शब्द आता मराठीतही सर्रास येतो. पण फौजी घरातले प्रत्येक दुखणे पीटीएसडी नसते, आणि अर्धवट शिकलेला समुपदेशक सगळ्यांना तेच लेबल लावतो. नैराश्य असते, दारू असते, वर्षानुवर्षांची पाठदुखी असते, कानात सतत वाजणारा आवाज असतो, डोक्याला मार लागून बदललेला स्वभाव असतो. दारूबद्दल बोलताना कँटीनच्या कोट्याचा विषय निघतो. कँटीनमधली बाटली हा मान आहे, पाहुणचार आहे, कधी वरकमाईही आहे. ते समजून न घेता 'दारू सोडा' म्हणणे म्हणजे त्याच्या कानावरून वारा.

पीटीएसडी तपासायची प्रश्नावली आहे, 'पीसीएल-५', तिच्यात २० प्रश्न आहेत. पण आमच्याकडचा माणूस 'मला नको त्या आठवणी येतात' असे म्हणत नाही. तो म्हणतो, डोके तापते, छातीत धडधडते, अंगात राग शिरतो. हे शब्द त्या प्रश्नांपर्यंत कसे न्यायचे, हे शिकवावे लागते. केवळ भाषांतराने भागत नाही.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामच्या सैनिकांबरोबर काम करताना आणखी एका जखमेकडे लक्ष वेधले. आज तिला नैतिक जखम म्हणतात. इथे भीतीपेक्षा अपराधी भावना मोठी असते: जे करायला नको होते ते केले, जे थांबवायला हवे होते ते थांबवले नाही, किंवा ज्यांच्यावर विश्वास टाकला त्या वरिष्ठांनीच दगा दिला. अशा माणसाला 'तुम्ही देशासाठी केले, मनाला लावून घेऊ नका' म्हटले की तो अधिकच एकटा पडतो. त्याची शरम ऐकून घ्यावी लागते, आणि घाईने माफी किंवा शाबासकी देण्याचा मोह आवरावा लागतो. हा सर्वांत अवघड भाग आहे असे आमचे मत आहे, कारण समाज म्हणून आपल्याकडे सैनिकासाठी शाबासकीशिवाय दुसरा शब्दच नाही.

परिणामकारक ठरलेल्या उपचारांत दोन नावे नेहमी येतात. 'कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी' साधारण १२ बैठकांची आहे, 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' ८ ते १५ बैठकांची. त्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाहीत. कार्यशाळेनंतर अनेक महिने अनुभवी तज्ज्ञाबरोबर आपल्या केसेसवर नियमित चर्चा करावी लागते, तेव्हा हात बसतो. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे हॉल, पाहुण्यांचा सत्कार, दुपारचे जेवण आणि प्रमाणपत्र. नंतरच्या महिन्यांसाठी पैसा आणि माणूस कोणी ठेवत नाही, आणि खरे शिकणे तिथेच असते.

आत्महत्येबद्दल विचारायचे कसे

जुलै २०२२ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ आत्महत्या झाल्या: भूदलात ६४२, हवाई दलात १४८, नौदलात २९. हे सेवेतले आकडे. निवृत्त झालेला माणूस गेला तर तो पोलिसांच्या कागदावर 'वॉचमन' किंवा 'शेतकरी' म्हणून जातो.

प्रशिक्षित समुपदेशक आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट, साध्या शब्दांत विचारतो. विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. पुढचा प्रश्न साधनांचा. अनेक माजी सैनिक बँकेत, सोनारांकडे हत्यारी पहारेकरी म्हणून काम करतात आणि परवान्याची बंदूक घरी असते. धोका दिसत असेल तेव्हा ती काही दिवस घराबाहेर, सुरक्षित ठिकाणी ठेवण्याबद्दल बोलायचे असते. यात त्याचा अपमान होणार नाही अशा बेताने बोलणे हे कसब आहे. हत्यार सुरक्षित ठेवण्याची शिस्त त्याला फौजेनेच शिकवलेली असते, तिचाच आधार घेता येतो.

आणि मागे राहिलेले कुटुंब? युद्धात गेलेल्याची पत्नी वीरपत्नी होते, गावच्या कमानीवर त्याचे नाव लागते. स्वतःहून जीव दिलेल्या जवानाच्या घरी यातले काही होत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका अग्निवीराच्या मृत्यूवरून वाद झाला तेव्हा सैन्याने १९६७ च्या आदेशाचा हवाला देऊन सांगितले की स्वतःला इजा करून झालेल्या मृत्यूत लष्करी इतमाम दिला जात नाही. त्या आईबापाचे दुःख दुप्पट होते: मुलगा गेला, आणि त्याच्याबद्दल बोलायचीही सोय उरली नाही. अशा घरी कोण जातो? विहारातली चार माणसे गेली तरी पुष्कळ असते.

बायको, मुले, आई

सैनिकाच्या पत्नीकडे 'रुग्णाची नातेवाईक' म्हणून पाहू नये, असे नव्या समुपदेशकांना बजावावे लागते. वर्षाकाठी दोनेक महिन्यांच्या रजेखेरीज ती एकटीने घर चालवते, सासू-सासऱ्यांचे पाहते, बँक, शाळा, दवाखाना सगळे तिच्याकडे. नवरा कायमचा घरी आला की दोन कारभारी होतात. मुलांना बाप म्हणजे फोनवरचा आवाज आणि ट्रंकेतून निघणारी खेळणी, एवढीच ओळख असते. घरी आलेला माणूस त्यांना परका वाटतो आणि तो त्यांना शिस्त लावू पाहतो. यात कोणीच आजारी नाही. पण इथेच मदत मिळाली नाही तर वर्षभरात कोणीतरी आजारी पडते.

मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा त्रास खरा असला तरी मारहाणीला ती सूट नाही, आणि आधी बाईची सुरक्षितता पाहायची, हे प्रशिक्षणात ठासून सांगावे लागते. तिची भीतीही समजून घ्यावी लागते: तक्रार केली तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल. तिला माहिती द्यायची असते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा फौजीच्या घरालाही लागू आहे. १९५० च्या लष्करी कायद्यात सेवेतल्या जवानाच्या पगारातून पत्नी आणि मुलांच्या पोटगीसाठी कपात करण्याची तरतूद आहे, हे तर अनेक वकिलांनाही ठाऊक नसते.

आमच्या वस्तीच्या संदर्भात एक धडा कोणत्याही परदेशी अभ्यासक्रमात सापडणार नाही, तो आपल्यालाच लिहावा लागेल. तो म्हणजे जात. वर्दीत असताना माणसाला हुद्द्याने ओळखतात. निवृत्त होऊन गावी आला की तोच माणूस पुन्हा आडनावाने ओळखला जातो. तिथे 'साब' होता, इथे पाणवठ्यावरून, सप्ताहाच्या वर्गणीवरून, जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून वाद. याचा घाव मोठा असतो, आणि समोरचा समुपदेशक 'आता जात कुठे राहिली आहे' असे म्हणणारा निघाला तर माणूस तो विषय पुन्हा काढत नाही. अपमानाचा अनुभव ऐकताना त्याला 'संशयी स्वभाव' म्हणून केसपेपरवर लिहायचे नसते, एवढे तरी शिकवले पाहिजे.

आपल्या कार्यकर्त्यांसाठीही एक गोष्ट. अस्वस्थ माणूस दिसला की त्याला दहा दिवसांच्या विपश्यनेला पाठवून द्या, असा सल्ला विहारात सहज दिला जातो. ध्यानाचा लाभ आम्ही नाकारत नाही. व्हिएतनामी भिक्खू थिक न्हात हान यांनी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांसाठी शिबिरे घेतली आणि ती अनेकांच्या उपयोगी पडली. पण ज्याला डोळे मिटले की स्फोट दिसतो, त्याला दहा दिवस मौनात डोळे मिटून बसवणे त्रासदायक ठरू शकते. विपश्यना शिबिरांच्या नियमावलीतच म्हटले आहे की ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची जागा घेत नाही आणि गंभीर मानसिक विकार असलेल्यांना तिची शिफारस केली जात नाही. आधी उपचार, मग तज्ज्ञाला विचारून साधना, हा क्रम ठेवावा.

आपल्याकडे काय आहे

काहीच नाही असे नाही. फौज स्वतःचे समुपदेशक तयार करते, लष्करी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केंद्राची 'टेली-मानस' ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत सशस्त्र दलांसाठी तिचा खास कक्ष उघडला. माजी सैनिकांना २००३ पासून ईसीएचएस आहे. जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

यांना जोडणारा धागा नाही. सैनिक कल्याण कार्यालयाचे काम पेन्शन, शिष्यवृत्ती, ओळखपत्र, वसतिगृह यांत अडकलेले. जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाला सैनिकी कुटुंबांबद्दल वेगळे काही शिकवलेले नाही. एका टेबलावर येणारी वीरपत्नी दुसऱ्या टेबलावर जात नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांसाठी ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले होते. फौजी त्याच समाजातला.

हे होऊ शकते याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. शेतकरी आत्महत्या थांबवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला आणि आशाताईंना शेतकरी कुटुंबातला ताण ओळखायला शिकवले. त्या प्रकल्पाच्या उणिवा असतील, पण घरी जाऊन कोणते प्रश्न विचारायचे हे गावपातळीवरच्या बाईला शिकवता येते, हे त्यातून दिसले. त्याच धर्तीवर सैनिकी गावांत, म्हणजे सातारा, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी, बुलढाणा अशा जिल्ह्यांत सुरुवात करायला काय हरकत आहे?

घाई करण्याचे कारण अग्निवीर. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुले कायम होणार, बाकीची घरी. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. या मुलांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे बावीस-चोविसाव्या वर्षी, गावाने वाजतगाजत पाठवलेला मुलगा 'निवड झाली नाही' असा शिक्का घेऊन परत येणार आणि त्याचे नाव सैनिक कल्याणाच्या यादीतही नसण्याची शक्यता मोठी. त्याला भेटणारा पहिला माणूस जिल्हा रुग्णालयाचा किंवा आपल्या संस्थेचाच असेल.

सामाजिक कार्य महाविद्यालयांत शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना आमची विनंती आहे की येत्या वर्षीच्या क्षेत्रकार्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मागून घ्या. महाविद्यालय 'असे आजवर कोणी केले नाही' म्हणेल. लेखी अर्ज द्या, विभागप्रमुखांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना भेटा. जिल्हा मानसिक आरोग्य पथकाचा समुपदेशक महिन्यातून एक दिवस त्या कार्यालयात बसावा, एवढी एकच मागणी घेऊन गेलात तरी चालेल. आठवड्यातून दोन दिवस तिथल्या बाकावर बसलात तर कोणत्या घरी कोणता प्रश्न आहे ते दोन महिन्यांत कळते. विहार समित्यांनी आपल्या भागातल्या सेवेतल्या आणि निवृत्त जवानांची घरे कोणती, याची वही ठेवावी. वर्गणी घ्यायला जाताना आपण ती घरे चुकवत नाहीच.

कोणाला आजच गरज असेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येते. फोन करताना घरात कोणी फौजेत किंवा निमलष्करी दलात आहे हे आधीच सांगा.